थप्पी नंबर सात

दौंड
३ जून २०२४

ती. आप्पांस,
राजश्रीचा जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं वाचायला तुमचे डोळे तयार नाहीत, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. शिवाय ‘कागदावर नाही ते घडलंच नाही’ हे मी ऑडिट शिकायला तुमच्या हाताखाली होते तोवर रोज घोकून घेतलंत. आता भोगा माझं अक्षर.

नवीन काम मिळालंय. जोगेश्वरी शेतमाल तारण संघाचं वार्षिक ऑडिट. भांडगावच्या अलीकडं, हायवेला लागून त्यांचं गोदाम आहे. शेतकरी हरभरा, तूर आणून ठेवतात, त्यावर उचल घेतात आणि भाव आला की माल सोडवून नेतात. म्हणजे आतलं एकेक पोतं लोकांचं. मी दौंडला खोली घेतलीय, रोज एस्टीनं जाते-येते.

चेअरमन आनंदराव. सगळे ‘दादासाहेब’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मटणाचं ताट पुढं आलं. मी पिशवीतून माझी भाकरी काढली. म्हणाले, “का वो मॅडम, आमच्या घरचं चालत न्हाई?” आप्पा, आमच्या वस्तीतल्या बाईला त्या घरातून हा प्रश्न! मला हसूच फुटलं. म्हटलं, “ऑडिट होईपर्यंत कुणाच्याच घरचं चालत न्हाई.”

जेवणानंतर शिपायानं गोदामाची किल्ली सरळ माझ्या हातात दिली. दादासाहेबांचा मुलगा स्वराज दारात उभा होता. त्यानं माझ्या हातातून किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि शिपायाच्या तोंडावर हाणला. “आधी मला इचारायचं.” दात फरशीवर पडला. बाप बशीतला चहा फुंकत बसला होता, त्यानं मानही वर केली नाही. शिपायानं दात उचलून खिशात टाकला आणि मला पाणी आणून दिलं. मला ते प्यायवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ईश्वर नावाचा त्यांचा गोदामपाल मार्चअखेरीला नाहीसा झालाय. संघ म्हणतो, अकराशे पोती परस्पर विकून फरार झाला. तूट त्याच्या नावावर ‘येणे’ म्हणून लिहिलीय आणि वसुलीसाठी त्याच्या घराच्या लिलावाची नोटीस भिंतीवर चिकटवलीय. त्याची बायको सिंधूबाई गोदामाच्या पायरीवर बसून असते. तिथंच जेवते, तिथंच पडते. हाकललं तरी परत येते. हातावर काठीचे वळ आहेत.

तिनं मला सांगितलं, “त्या दिवशी जेवताना म्हनले, दादासाहेब म्हनत्यात माल पुरा हाय म्हनून सही दे. पोतीच न्हाईत तर सही कशाची देऊ? ह्येच सांगायला गेले ते आलेच न्हाईत.” मग तिनं पिशवीतून चपला काढल्या. त्या गोदामाच्या दाराबाहेर पडलेल्या होत्या. धान्याला पाय लागू नये म्हणून गोदामात चपला काढून जायची सगळ्यांचीच रीत. “पळून जानारा चपला टाकून जाईल व्हय?”

चौकीत म्हणे तिला सांगितलं, नवरा पळाला की बाया असंच बोलतात. मला तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. काय करू, लिहा.

तुमची
राजश्री


तळेगाव ढमढेरे
७ जून

चि. राजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरलाय. भिंग लावून वाचलं.

पहिलं ऐक. तू मला कायम विचारायचीस, आप्पा डावा कान कशानं गेला, आणि मी सांगायचो गालगुंडानं. खोटं सांगायचो. एका सोसायटीत शिल्लक मोजायला मागितली म्हणून चेअरमननं कानफटात मारली. पडलो तर वरून लाथेनं त्याच कानावर. चार दिवस रक्त येत होतं. रिपोर्ट जसा होता तसाच दिला, पण कान गेला तो गेला. दुसरा म्हातारपणानं नेला. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. ही माणसं नुसता दम देत नाहीत, मारतात, एवढं ध्यानात असू दे.

दुसरं. आपल्या धंद्यात दोन वाटा. आधी पुस्तकातून गोदामात जायचं, लिहिलंय ते आहे का बघायला. मग गोदामातून पुस्तकात यायचं, आहे ते लिहिलंय का बघायला. पहिल्या वाटेनं नसलेला माल कळतो, दुसऱ्या वाटेनं लपवलेला. लोक पहिली वाट चालतात आणि दमून घरी जातात. तू तसं करू नकोस.

तिसरं, आणि हे नीट ऐक. त्या बाईच्या चपलांचं ऑडिट करायचं नाही. आपण पोलीस नाही. आपण अंदाजावर बोलत नाही आणि दयेवर सही करत नाही. माल मोज. पटला नाही तर ‘खात्री झाली नाही’ म्हणून लिही, खाली सही कर आणि घरी ये. गोदामपालानं शिल्लक मालाच्या दाखल्यावर सही केलीय का, तेवढं मात्र बघ.

त्यांचा चहासुद्धा घेऊ नकोस. तुझ्या काकूनं शेंगदाण्याची चटणी दिलीय, न्हावऱ्याच्या जीपवाल्याकडं. जीपवाला अर्धी खातो, म्हणून दुप्पट दिलीय.

शंकरराव


दौंड
१३ जून

ती. आप्पांस,

चटणी चांगलीच अर्धी पोचली. काकूंना सांगा, पुढच्या वेळी तिप्पट द्या.

दाखला बघितला. गोदामपालाच्या जागी सही नाहीच. तिथं ‘फरार असल्याने’ लिहून स्वराजनं सही ठोकलीय. ज्याची देखरेख होती तो नाही म्हणाला आणि ज्याच्या हातात किल्ल्या त्यानं हो म्हटलं. कुंपणच शेत खातंय, आप्पा.

मोजणी केली. सहा थप्प्या पटल्या. सातवीला मात्र हात लावू देत नाहीत. तिच्यावर जाड प्लॅस्टिक, कडेनं वाळूच्या पिशव्या आणि कवटीची पाटी, ‘विषारी धुरी चालू’. कीड मारायच्या गोळ्या आत ठेवल्यात म्हणे. सोमवारी गेले तर “कालच धुरी दिली मॅडम”. गुरुवारी गेले तर परत “कालच दिली”. बाकीच्या थप्प्यांना दिवाळीपासून धुरी नाही. कीड काय सातव्या थप्पीचा पत्ता विचारत येते?

वास येतो तिथं. गोळ्यांचा येतो आणि त्याच्याखाली आणखी एक. “उंदीर मेल्यात,” स्वराज म्हणाला.

आज एक कुत्रं आत शिरलं आणि त्या प्लॅस्टिकची कड दातांनी ओढायला लागलं. ओढून ओढून त्यानं ती फाडली. स्वराजनं पहार उचलली. पहिल्या घावाला कुत्र्याची कंबर मोडली. ते पुढच्या पायांवर सरपटत दाराकडं निघालं, तर हा सावकाश त्याच्यामागनं चालत गेला आणि पायरीजवळ डोकं ठेचलं. सिंधूबाईच्या लुगड्यावर उडालं. मग पहार प्लॅस्टिकला पुसत मला म्हणाला, “मॅडम, हितं नाक खुपसलं की असं हुतं.”

मी दोन पावलं मागं सरले, खोटं का बोलू. पण डोळे त्या फाटलेल्या जागेवर होते. आप्पा, आतल्या पोत्यांची शिवलेली तोंडं बाहेरच्या बाजूला आहेत!

मी हमालाची पोर. माझ्या बापाचा जन्म शिरूरच्या मार्केट यार्डात पोती वाहण्यात गेला. पोत्याचं तोंड आत आणि बूड बाहेर, हे मला अआइईच्या आधी कळलेलं. तोंड बाहेर ठेवलं तर येणारा-जाणारा शिवण उसवून मूठ घालतो. कुठलाही हमाल झोपेतसुद्धा पोतं उलटं लावणार नाही. बाकी सहा थप्प्या बरोबर आहेत. सातवी हमालांनी लावलेलीच नाही. जन्मात पोतं न उचललेल्या कुणीतरी ती घाईनं लावलीय.

पुस्तकात सातव्या थप्पीत तूर भरलीय. मला ती फोडून आत बघायचंय.

निघताना दादासाहेब स्वतः दारापर्यंत आले. “तुमचे गुरुजी तळेगावात असत्यात न्हवं? शंकरराव. वय झालं त्यांचं. जपायला सांगा.” मी म्हटलं सांगते. तर सांगितलं. जपा, आप्पा. पण थप्पी मी फोडणार.

तुमची
राजश्री


तळेगाव ढमढेरे
१९ जून

राजश्री,

मोरीत घसरलो. हाताला लागलं. लिहायला त्रास होतो.

थप्पी फोडू नको. ‘धुरीमुळे सातवी थप्पी मोजता आली नाही’ एवढं लिही. नियमात बसतं. सही कर आणि शिरूरला परत जा. माझी शपथ आहे.

शंकरराव


दौंड
२२ जून

आप्पा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुमचं वाटेना, आणि मजकूर तर मुळीच नाही.

नियमात बसतं! मोजता आलं नाही असं लिहून सुटायचं असतं तर मला कशाला घडवलंत? एखाद्या दुकानदारानंही लिहिलं असतं ते. मी ते वाक्य लिहिलं की सातवी थप्पी भरलेली राहील, तूट ईश्वरच्या नावावर राहील आणि पुढच्या महिन्यात सिंधूबाईचं घर हातोड्याखाली जाईल. तुम्ही ते वाक्य मला डोळे मिटून लिहायला सांगताय.

परवा माझी खोली फोडली. कागद जाळले नाहीत, कारण कागद माझ्या पोटाशी बांधलेले असतात. गादी फाडली आणि भिंतीवर माझ्या जातीची शिवी लिहून गेले. काल एस्टीतून उतरले तर दोघांनी हायवेच्या कडेला गाठलं. एकानं केस धरून डोकं टपरीच्या पत्र्यावर आपटलं, दुसरा हसत मोबाईलवर शूटिंग करत होता. टपरीवाला चहा गाळत राहिला. मी पोलिसांकडं गेले, त्यांनी अर्ज घेतला आणि म्हणाले, बघू.

मी निबंधकांच्या कार्यालयात थप्पी फोडायची परवानगी मागितलीय. साहेब म्हणतात, दहा पोत्यांची नमुना तपासणी करा की, सगळी कशाला. बाहेरचीच दहा पोती ना? त्यात तूरच असणार!

मला वाटलं होतं, जगात एक माणूस तरी म्हणेल, फोड. तुमचा कान गेला तरी तुम्ही रिपोर्ट दिला होतात. आता मोरीत घसरल्यावर कणाही घसरला का? वाईट वाटलं तर वाटू दे. मला तुमचा राग आलाय.

राजश्री


तळेगाव ढमढेरे
२५ जून

राजश्री पोरी,
तुझ्या काकूचा, भागुबाईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकल्याली. चुकलंमाकलं सांभाळून घे. ह्ये पत्र मी ह्यांच्या चोरून लिवतीय. ह्ये आत पडल्यात.

ह्ये मोरीत घसरले न्हाईत. आमच्या मोरीला फरशीच न्हाई, मातीत कुठं घसरायचं? तू एवढी हुशार, तुला कळाया पायजे व्हतं.

सतरा तारखंला चारजणं आले. मला वाटलं वढूला समाधीच्या दर्शनाला निघाल्याली मानसं, पानी मागत्यात. मी तांब्या आनाय आत गेले. भाईर आले तवा ह्यांना अंगनात पाट्यापाशी बसवलं व्हतं. दोघांनी खांदं दाबल्यालं. एकानं ह्यांचा उजवा हात पाट्यावर धरला आन् चौथ्यानं माझाच वरवंटा उचलला. एकेक बोट येगळं ठेचलं, पोरी. घाई न्हाई काई न्हाई. ह्ये वरडले न्हाईत. मी वरडले. शेजारच्यांनी दारं लावली. जाताना म्हनले, म्हाताऱ्या, तुझ्या पोरीला सांग, सही करून जा, न्हाईतर तिची बोटं बी पाट्यावर घिऊ.

म्हनून तुला तसं लिवलं. डाव्या हातानं लिवलंय ते. तुझं पत्र आल्यापासनं जेवले न्हाईत, तरी मला म्हनले तिला काई कळवायचं न्हाई, रागावली तर रागावू दे, जिती ऱ्हाऊ दे.

मी मातूर कळवतीय. ज्या हातानं ह्यांनी जन्मभर खरं लिवलं तो हात आता भाकरी मोडत न्हाई, मी मोडून घास देती. आता घाबरून काय वाचवायचं ऱ्हायलंय? मी तो वरवंटा घासून ठिवलाय. त्यावर परत मसाला वाटीन, पर आदुगर तू ती थप्पी फोड. आतलं समदं भाईर काढ. माझी शपथ हाय, आन् माझी शपथ ह्यांच्या शपथंपेक्षा मोठी.

भागुबाई


दौंड
४ जुलै

आप्पा, काकू,

डोळ्याच्या वर टाके आहेत, त्यामुळं एका डोळ्यानं लिहितेय. आप्पा, ‘कणा’ लिहिलेली ती माझी बोटं कापून टाकावी वाटली. भेटल्यावर पाया पडेन. आत्ता झालं ते सांगते, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय ते झाल्यासारखं वाटत नाही.

काकूंचं पत्र घेऊन निबंधकांच्या कार्यालयात गेले आणि साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या बोटापर्यंत ते ऐकत होते, पुढं त्यांनी पेन उचललं. परवानगी मिळाली आणि बंदोबस्ताला एक हवालदार.

संघाचे हमाल त्या थप्पीला हात लावणार नव्हते. म्हणून शिरूरच्या यार्डात गेले. हौशीराम काका माझ्या बापाचे जोडीदार, एका पोत्याची दोन टोकं उचलणारे. म्हटलं, “काका, थप्पी फोडायचीय. मारामारी होईल.” ते तंबाखू मळत म्हणाले, “व्हईल तर व्हईल. लई दिस हात आंबल्यात.” टेम्पोभर हमाल पोती ओढायच्या लोखंडी हुका घेऊन आले.

सोमवारी सकाळीच आम्ही प्लॅस्टिक ओढलं, दार आणि वरचे झरोके सताड उघडले आणि गॅस जाऊ दिला. गॅस गेला आणि तो दुसरा वास तेवढा राहिला. हमालांनी तोंडाला फडकी बांधली.

दुपारी वरच्या थराला हात घातला आणि स्वराज पोरं घेऊन आला. हवालदार बाहेर फोनवर बोलत होता, तो बोलतच राहिला. पहिली पहार हौशीराम काकांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काका खाली बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी त्या पोराच्या पोटरीत हूक घातली आणि ओढली. मग काही धरबंध राहिला नाही. हुका, पहारी, विटा. एकाचा कान फाटून लोंबत होता. माझ्या भुवईवर काय बसलं ते कळलंच नाही, एकदम डोळ्यात गरम रक्त आलं. स्वराज माझा गळा धरून मला भिंतीला दाबत होता आणि म्हणत होता, “सही कर, भवाने, सही कर.”

माझ्या हातात बंबी होती. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढतात ती टोकदार लोखंडी नळी. मी ती त्याच्या मांडीत खुपसली, होती नव्हती तेवढी ताकद लावून. कागदावर नाही ते घडलंच नाही ना? मग लिहून ठेवते, मी खुपसली. तो किंचाळला तेव्हा मला बरं वाटलं.

तो खाली पडल्यावर त्याची पोरं पांगली. त्याला कोपऱ्यात बसवून आम्ही थप्पी फोडली. बाहेरच्या दोन रांगांत तूर. त्याच्या आतल्या पोत्यांत भुसा. त्याच्याही आत काहीच नव्हतं, पोकळी, वरून फळ्या टाकून बंद केलेली. खरी तूर परस्पर विकून, ऑडिटला दाखवायला रचलेली थप्पी ती. याच खोट्या थप्पीसाठी ईश्वरकडं सही मागितली होती. आणि जी तूट या थप्पीतही लपली नाही, ती अकराशे पोती त्यांनी त्याच्या नावावर टाकली.

फळी काढली. ईश्वर आत बसलेला होता, आप्पा. गुडघे पोटाशी, मान पुढं. डोकं मागनं फुटलेलं. हात सुतळीनं बांधलेले, पोती शिवायच्या. अंग वाळून चिपाड झालेलं. पाय अनवाणी.

त्याला नंतर बाहेर काढून टाकायचा त्यांचा विचार असणार. पण सिंधूबाई पहिल्या दिवसापासून पायरीवर बसली ती उठलीच नाही. मारलं, हाकललं, कुत्र्याचं रक्त उडवलं, तरी तिथंच. दार एकच. तिला ओलांडून कसा नेणार? तो आत आणि ही बाहेर, मध्ये एक भिंत, तीन महिने.

ती आत आली. रडली नाही. पिशवीतून चपला काढून त्याच्या पायांशी ठेवल्या, मग त्यातली एक उचलून बाहेर गेली. दादासाहेबांची गाडी तेवढ्यात येऊन थांबली होती. दार उघडून ते उतरले आणि तिनं ती चप्पल त्यांच्या तोंडावर हाणली. परत हाणली. “ह्यो पळाला व्हय रं? ह्यो पळाला?” दर फटक्याला तेच.

तोवर गाव जमलं होतं. ज्यांची तूर त्या थप्पीत असायला हवी होती ती माणसं आत भुसा बघून स्वराजला ओढत बाहेर आली आणि त्यांनी बाप-लेकाला मधे घेतलं. लाथा, दगड, हुकांचे दांडे. स्वराजचे दात मी मातीत पाहिले. मी थांबवलं नाही. थोडा वेळ मला थांबवावंसं वाटलंच नाही. मग तो हलेना तेव्हा भान आलं आणि मी त्याच्या अंगावर आडवी पडले. ओरडले, “ह्याला मारलात तर कबूल कोण करंल? ईश्वरचं नाव कोण सोडवंल?” दोन लाथा मला बसल्या. पण थांबले. हवालदाराला तेव्हा शिट्टी सापडली.

दोघेही जिवंत आहेत, दवाखान्यात, पहाऱ्यात. तळेगावला आलेल्या चौघांची नावं स्वराजनं पहिल्याच दिवशी ओकलीत. हौशीराम काकांच्या खांद्यात पट्टी घातलीय. ते म्हणतात, पोरी, एका हातानंबी पोतं उचलतो, पैज लाव.

आता रिपोर्ट लिहायचाय. हात पुढं होत नाही. काय लिहू, आप्पा? लेखापरीक्षणात मेलेला माणूस कुठल्या रकान्यात लिहितात?

तुमची
राजश्री


तळेगाव ढमढेरे
८ जुलै

चि. राजश्रीस,

डाव्या हाताचं अक्षर. आता तुझं नि माझं सारखंच. हसू नकोस.

पाया पडायचं काही कारण नाही. मी घाबरलो होतो, हे खरं आहे. स्वतःसाठी नव्हे, पण घाबरणं ते घाबरणंच. तुझी काकू घाबरली नाही. परवा तिनं त्या वरवंट्यावर मसाला वाटला आणि मला म्हणाली, खा गुमान. खाल्ला.

रिपोर्टबद्दल. राग रिपोर्टमध्ये लिहायचा नाही. राग मला लिही, मी फाईलला लावून ठेवतो. खून कुणी केला ते कोर्ट लिहील, तू नाही. तू आपल्या दोन वाटा लिही. पुस्तकातून गोदामात गेले, तूर नव्हती. गोदामातून पुस्तकात आले, जे गोदामात होतं ते पुस्तकात नव्हतं. एवढंच आपलं काम आणि ते पुरतं.

आणि त्याच्या नावावरच्या येण्याबद्दल ठाम लिही. ‘वाटते’, ‘दिसते’ असले पळवाटांचे शब्द नकोत.

शंकरराव


दौंड
२९ जुलै

ती. आप्पांस,

आज रिपोर्ट दिला. संघाची सभा गोदामातच भरली, कारण ऑफिसात लोक मावत नव्हते. सरकारनं नेमलेला प्रशासक खुर्चीवर, बाकी सगळे खाली. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता.

तुमच्या त्या दोन वाटा जशाच्या तशा घातल्या. सातव्या थप्पीचा माल अस्तित्वात नाही, दाखल्यावर गोदामपालाची सही नाही, हिशेब खरे नाहीत. शेवटचा परिच्छेद तुमच्यासाठी उतरवून देते:

‘गोदामपाल ईश्वर यांच्या नावे दाखवलेले येणे खोटे आहे. ते काढून टाकावे व घराच्या लिलावाची नोटीस तत्काळ रद्द करावी. मार्चअखेरीस ते गोदामात गेले. ते गोदामाबाहेर गेल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांनी नसलेल्या मालावर सही करण्यास नकार दिला होता.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

सभा संपल्यावर सिंधूबाई आली. तिला वाचता येत नाही. रिपोर्टाचा गठ्ठा तिनं दोन्ही हातांत घेतला, उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. म्हणाली, “ह्यात ‘पळाला’ असं कुठं न्हाई ना?”

“कुठंच न्हाई.”

“त्येंचं नाव कुठं हाय?”

मी दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग पायरीवरचं तिचं गाठोडं, तांब्या आणि जेवणाचा डबा उचलला आणि घरी गेली.

मी उद्या शिरूरला निघतेय. आधी तळेगावला उतरेन. काकूंना सांगा, चटणी जीपवाल्याकडं देऊ नका, मी तिथंच बसून खाणार आहे.

तुमची
राजश्री